सात मिनिटं पुढे

३ फेब्रुवारी, मंगळवार

आठव्यांदा तेच. पत्ता टाकला, नाव, पासवर्ड. ‘या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा का?’ हो. थोडा वेळ गोल फिरतं, मग लाल ओळ : स्टोरेज प्रोव्हायडरची नोंदणी झाली नाही.

मिलचा डेटा ठेवायचं नवं स्टोरेज चार दिवस सर्व्हर रूममध्ये थंड हवा खात उभं आहे. मॅनेजमेंट सर्व्हरने त्याला ओळखल्याशिवाय त्यावर काही ठेवता येत नाही. जुन्याच्या दोन डिस्क गेल्या. तिसरी गेली तर मिलच्या सगळ्या रंगांची मापं, छपाईची डिझाइनं गेली. बॅकअप आहे. तो मीच घेते, म्हणून खात्री नाही.

घरी आले तर वहिनी भांडी आपटत होती. आमच्याच मिलच्या घडी खात्यात ती कापडाच्या घड्या घालते; तिथे तिला आज दुसरा लेट लागला. तिसऱ्याला नाव कमी करतात. मी म्हटलं, जरा लवकर निघत जा.

“उशीर करानी हौस शे का माले? पोरले शाळामा सोडीसन निंघस. मोबाइलमा आठले पाच कमी व्हतात.”

मी म्हटलं, मोबाइल राहू दे, हजेरीच्या मशीनवर किती होते ते सांग.

ती पुन्हा भांड्यांकडे वळली. मला वाटलं, जिंकले.

४ फेब्रुवारी, बुधवार

स्टोरेज कंपनीच्या इंजिनिअरचा फोन, पुण्याहून. शांत आवाज. “मॅडम, तुमचा सर्व्हर स्टोरेजला सर्टिफिकेट देतोय, पण ते सुरू व्हायची वेळ अजून आलेलीच नाही. तुमच्या सर्व्हरवर किती वाजलेत?”

११:२७.

“माझ्याकडे ११:२०.”

सर्व्हरला वेळ कुठून मिळते ते शोधत गेले. इंटरनेटवरून नाही. गेटवरच्या हजेरीच्या कॉम्प्युटरवरून. नेट सारखं पडायचं त्या दिवसांत माझ्या आधीच्या माणसाने, सगळ्या मिलला एकच वेळ असावी म्हणून, तसं जोडून ठेवलं. विचार चांगला. फक्त गेटचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे.

माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटरही तेवढाच पुढे असतो. तीन वर्षं बघते आहे. घरातलं घड्याळही पुढेच असतं. आपण वजा करतो आणि विसरतो. पण मशीनवर बोट ठेवणाऱ्या बाईला वजा करता येत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मॅनेजर हसमुखभाईंना सांगितलं. हसले. “बेन, ए तो मोटा शेठना वखतथी छे.” लोक वेळेवर यावेत म्हणून मोठ्या शेठनी पुढे करून ठेवलं.

मी म्हटलं, मग सुटीही सात मिनिटं आधी हवी.

सुटी भोंग्यावर होते. भोंगा बॉयलरवाला स्वतःच्या मोबाइलवर बघून देतो. म्हणजे येणं एका घड्याळाने, जाणं दुसऱ्याने. हे इतकं साधं आहे की कुणी केलं असं म्हणता येत नाही.

“तमारुं मशीन चालु करो ने. घडियाळने हाथ नहीं लगाडता.”

मी उठले तेव्हा हसमुखभाई मराठीत बोलले. एरवी बोलत नाहीत. “तुमची भाभी घडी खात्यात ना? तिचे लेट मी काढून टाकतो.”

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅनेजमेंट सर्व्हर गेटपासून तोडला, बाहेरून खरी वेळ दिली. नोंदणी पहिल्या फटक्यात. हिरवी खूण : ऑनलाइन. नव्या स्टोरेजच्या सगळ्या डिस्क यादीत दिसल्या.

ह.भाईंनी चहा पाठवला. काम झालं. गेट तसंच.

संध्याकाळी वहिनी भाकरी थापत होती, तेव्हा तिला सगळं सांगितलं. हात थांबला. “मंग त्या सात मिनिटं कोनाजोडे शेतस?”

मग ह.भाई काय म्हणाले तेही सांगितलं.

“हो म्हन ना मंग. तुना बापनं काय जास?”

खात्यात चाळीस बायका आहेत, म्हटलं. कमलबाईचं नाव गेल्या महिन्यात असंच कमी झालं.

“कमलबाई मना घर चालाडाले येस का?” भाकरी तव्यावर टाकली. “तू शिकेल शेस, ननंदबाई. तुले चाळीस बाया सुचतस. माले मना तिसरा लेट सुचस.”

मी ताटं घेतली.

७ फेब्रुवारी, शनिवार

ह.भाईंना म्हटलं, एकीचेच का? सगळ्यांचे लेट काढा.

“तो पछी घडियाळ शा माटे?”

खरं आहे, मग घड्याळ कशासाठी.

शेठच्या नावाने अर्ज लिहायला घेतला. ‘नम्र विनंती’ लिहिल्यावर पुढे मागण्यासारखं काही उरेना. फाडला.

वहिनी बोलत नाही. आज पोरीला शेजारी सोडून पावणेसातलाच निघाली. पोर दारात उभी राहून रडली. रोज असं चालणार नाही हे वहिनीलाही माहीत आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

मिल बंद. दुपारपर्यंत जुन्यावरचं सगळं नव्यावर हलवलं. एकही फाइल कमी नाही.

दोन वाजता गेटवर गेले. वॉचमन जेवत होता. हजेरीच्या कॉम्प्युटरला खरी वेळ लावली. मिनिटही लागलं नाही.

“क्या कर रहे हो मॅडम?”

“टाइम मिला रही हूँ.”

“मिला तो था.”

“नहीं था.”

डब्याचं झाकण लावत म्हणाला, “शेठ को मालूम है?”

वहिनीसाठी केलं असं म्हणता येणार नाही. तिने वेगळंच मागितलं होतं, आणि ते मिळत होतं. चाळीस बायकांनी तर काहीच मागितलेलं नाही. मग कुणासाठी? चुकीची वेळ माझ्या तारांमधून जात होती, एवढंच ठाऊक आहे.

घरी काही बोलले नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी शटल रिक्षा कडोदऱ्याच्या चौकात अडकली. वहिनीने ७:५८ला बोट ठेवलं. मशीनने लेट न लावता घेतलं. तिच्यामागून अकरा बायका धावत आल्या, त्यांचंही घेतलं. वहिनीने एकदा मागे वळून ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं आणि आत गेली. सव्वानऊला ह.भाईंचा फोन आला : सर्व्हर रूमची किल्ली परत द्यायला वर या. किल्ली घेतली, गेले.