ग्रिलचे दुकान दिनानाथ म्हात्रे यास

मी, कमळाकर पोशा तांडेल, वय चौसष्ट, राहणार शिरवणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण काका भ्रमिष्ट झाले होते असे पुतण्या नंदकुमार सांगत सुटेल.

एक. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सखू हिची. नंदकुमारने दोनदा माणसे आणली, "पाहुणे आहेत," म्हणाला. पाहुणे पावले टाकून अंगण मोजत नाहीत.

दोन. स्कूटर नंदकुमारला. आणखी काही नाही.

तीन. ग्रिलचे दुकान. वाशीपासून नेरूळपर्यंत नव्या फ्लॅटांच्या खिडक्यांना माझ्याच ग्रिल आहेत. लोकांना वाटते, कसबामुळे. खरे असे की, कळंबोलीच्या ज्या व्यापाऱ्याकडून आम्ही सगळे सळ्या घेत होतो, त्याला मी १९८४ साली बजावले, "माल मला एकट्याला द्यायचा. नाहीतर माझी ऑर्डर विसरा." वर्षभरात गावातली तीन दुकाने बसली. त्यांतले एक माझा बालमित्र दिनानाथ म्हात्रे याचे. तो पावणे गावच्या कारखान्यात कामाला लागला. तो सूड घेईल या धास्तीने मी माझ्या खोलीच्या दाराखिडकीलाही ग्रिल ठोकली. कुलपाची किल्ली सखूलाही दिली नाही.

गेल्या दिवाळीनंतर, सखू बाजारात गेलेली असताना, वायर जळून खोलीत धूर भरला. किल्ली हातातून पडली ती सापडेना. मी ओरडलो. दिनानाथने करवतीने खिडकीचे दोन गज कापून मला बाहेर ओढले.

शुद्धीवर येताच मी विचारले, "तू इथे काय करत होतास?"

"कामाला चाललो होतो. हाक आयकली तुजी."

"आणि करवत बरी जवळ होती?"

"पिशवीत हत्यारं असतात माज्या." मग तो म्हणाला, "कमळाकर, माजं दुकान तू बंद पाडलंस, ता मना तवाच कललं होतं."

मी चार महिने त्याच्या पाळतीवर माणूस ठेवला. तो कामावर जातो, घरी येतो.

दुकान, जागा, वेल्डिंगचे यंत्र व सर्व अवजारे दिनानाथला द्यावीत. मागेल त्याला माल द्या, असे पत्र व्यापाऱ्याला मी काल स्वतः टपालात टाकले. नंदकुमारच्या हाती दिले नाही.

दिनानाथचा डाव मला अजून सापडलेला नाही. मरण्याआधी सापडला, तरी कलम तीन मी बदलणार नाही.

सही: कमळाकर पोशा तांडेल

आम्हा दोघांदेखत सही केली. त्या वेळी खोलीत आणखी कोणी नव्हते. तांडेलांनी पलंगाखालीही पाहून घेतले.

साक्षीदार:
१. मालतीबाई सीताराम वैद्य, शिक्षिका, नेरूळ
२. डॉ. दिलीप अधिकारी, शिरवणे

स्थळ: शिरवणे
दिनांक: १४ मार्च १९८९