निबंधाच्या जागी

९ फेब्रुवारी, मंगळवार
नळाला पाणी नाही, आज तेरावा दिवस. टँकर येणार म्हणून पहिला तास बुडवला, टँकर आलाच नाही. मुख्याध्यापक बोलले. बोलू दे.
दुपारी प्रशांतचा फोन. दहा वर्षांपूर्वीचा दहावी ब, शेवटच्या बाकावरचा. मुंबईत मालिका लिहितो. दहावीच्या पोरापोरींची ती मालिका त्याचीच. पहिला सीझन पुण्याच्या शाळेतला, आमच्या पोरींना तोंडपाठ आहे. दुसरा दुष्काळी भागातल्या शाळेवर करायचा ठरलाय.
"मॅडम, आपलीच शाळा घेऊन राहिलो. अन् भाषा तुम्ही बघायची."
हो म्हटलं. दिवसभर उगाच बरं वाटत होतं. निबंधाला त्याला कधी पाचाच्या वर मार्क दिले नव्हते.

२२ फेब्रुवारी, सोमवार
मालिकेची मंडळी आली. शाळेची पुढची भिंत रंगवली, मग ती दुष्काळी दिसेना म्हणून चहाच्या पाण्याने मळवली. पोरं हसून हसून दमली. पाच हजार लिटरची काळी टाकी बसवली आवारात, शूटिंगसाठी. उरलेलं पाणी शाळेला. मु.अ. टाकीपाशी दोनदा जाऊन आले.
फाटकावरच्या पाटीत जिल्ह्याचं काहीतरी बनावट नाव लिहिलं होतं. संध्याकाळी जिल्हा कृती समितीचे चौघे आले. "इतकी वर्षं उदगीर जिल्हा मागून राहिलो, शासन देईना. तुम्ही टीव्हीत तरी द्या." मालिकावाले घाबरले, पाटी बदलली. जि. उदगीर. गफूरभाई शिपाई पाटीखाली उभे राहून फोटो काढून घेत होते.

४ मार्च, शुक्रवार
सकाळची शाळा झाली की शूटिंग. नायिका ठाण्याची, तेवीस वर्षांची. दोन वेण्या घालून दहावीत. पोरगी चांगली आहे, पण प्रत्येक वाक्यात लई. लई ऊन, लई भूक, लई प्रेम. म्हटलं, बाळा, आम्ही इतकं लई नाही म्हणत. वही काढून लिहून घेतलं.
मालिकेतल्या मॅडमचं काम करणाऱ्या बाई माझ्या वर्गात मागे बसतात. मी खडू कसा धरते, पदर कसा खोचते, बघतात. आज शूटिंगमध्ये त्यांनी "ए बाळा" म्हटलं तेव्हा दारात उभा असलेला अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. लाजले. आवडलंही.

११ मार्च, शुक्रवार
आज नको ते केलं.
प्रशांत स्टाफरूममध्ये चहाला बसला होता. नायिकेच्या गोष्टीत जीव येईना म्हणाला. "मॅडम, एखादी खरी पोरगी सांगा ना."
मी अश्विनीचं सांगितलं. दोन वर्षांत कोणालाच नव्हतं सांगितलं. सहामाहीचा मराठीचा पेपर. 'माझा आवडता ऋतू' या निबंधाच्या जागी तिने मला पत्र लिहिलं होतं. घरात लग्न ठरवलंय, दिवाळीनंतर आहे, वडिलांना तुम्ही सांगितलं तर ऐकतील. पंधरा वर्षांची होती. त्रेसष्ट पेपरांच्या गठ्ठ्यात तो एक. मी आठपैकी चार दिले. समासात लिहिलं, शुद्धलेखन सुधारा. म्हटलं, सुट्टीनंतर वडिलांशी बोलू. शाळा उघडली तेव्हा बाक रिकामा होता. पेपर वाटायचे होते, ती घ्यायला आलीच नाही. तिचा पेपर माझ्याच कपाटात राहिला.
प्रशांत ऐकत राहिला. चहा गार झाला त्याचा. मला वाटलं, पोराला माझं दुःख कळलं.
सगळं सांगितलं असं नाही.

१९ मार्च, शनिवार
कागद हातात आले. सीन एकतीस. ज्योती नावाची मुलगी, मराठीचा पेपर, निबंधाच्या जागी पत्र.
त्याला बाजूला घेतलं. हे काय?
"नाव बदललंय मॅडम. गाव बदललंय. जिल्हासुद्धा नवा आहे." हसला. मी नाही हसले, तेव्हा म्हणाला, "तुम्हीच शिकवलंय ना, जे बघितलं ते लिहा."
कागद पुन्हा वाचला.
त्याने लिहिलेलं पत्र भलतंच होतं. माझ्या स्वप्नांचे पंख वगैरे. म्हटलं, ती असं लिहिणार नाही. "मग कसं लिहील?" अन् मी सांगितलं. पाठच आहे. 'मॅडम, निबंध येतो मला. पण त्याच्या जागी हे लिहिते, मार्क नाही दिले तरी चालतील.' त्याने तिथल्या तिथे उतरवून घेतलं.
माझ्या तोंडून गेलं. त्याने चोरलं नाही, मी दिलं. कशाला? चुकीची भाषा सहन होत नाही म्हणून? तेवढ्यासाठीच?
शेवट काय करणार विचारलं. अजून लिहितोय म्हणाला.

९ एप्रिल, शनिवार
मंडळी गेली. लग्नाचे सीन लातूरला हॉलमध्ये घेतले, मी बोर्डाच्या सुपरव्हिजनला होते, पाहिले नाहीत.
टाकी उचलून नेली. मु.अ. ट्रकमागे फाटकापर्यंत गेले, "अहो, ती शाळेला म्हणाला होतात." ड्रायव्हर म्हणाला, मला माहीत नाही. पाटीवर चुना फासून आमचा जुना जिल्हा परत आला. लातूरला रेल्वेने पाणी येणार म्हणे. उदगीरचं कोण बघतं.

२० ऑगस्ट, शनिवार
आठ वाजता लागला तो भाग. घरात शेजारच्या चौघी, सासूबाई, हेही खालचं कापडाचं दुकान लवकर बंद करून आलेले.
मालिकेतल्या मॅडम पेपर तपासतात. थांबतात. चष्मा काढतात. पत्र वाचून पूर्ण होत नाही तोवर पायात चप्पल. रिक्षा, एस.टी., मग उन्हात पळत. लग्नाच्या मांडवात शिरतात, अक्षता थांबतात. "ए बाळा, चल. उद्या पेपर आहे तुझा." पोरगी हार काढून टाकते.
शेजारच्या सुमनताई रडत होत्या. म्हणाल्या, "अगं, ही तर तूच! कधी बोलली नाहीस." सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदा.
हे उठून आत गेले.

२१ ऑगस्ट, रविवार
सकाळपासून फोन. जुने विद्यार्थी, चुलत नणंदा, शिक्षक संघटना. अभिमान वाटतो. शाळेचं नाव काढलं. असे शिक्षक राहिले कुठं.
प्रशांतला लावला. चौथ्यांदा उचलला.
"कोणी सांगितलं होतं तुला शेवट बदलायला?"
"मॅडम, खरं दाखवलं असतं तर तुम्ही वाईट दिसल्या असत्या."
"दिसू द्यायचं होतं."
"लोकांनी ओळखलं असतं तुम्हाला. मी तुम्हाला जिंकवलं की. तुमच्यासाठी भांडलो मी चॅनेलशी."
खरंच भांडला असेल. तेच वाईट आहे. रागावायला पुरेसा नालायकसुद्धा नाही तो.

२४ ऑगस्ट, बुधवार
मधल्या सुट्टीत अनोळखी नंबर. वाटलं, अजून एक कौतुक.
"मॅडम, अश्विनी बोलून राहिले. देगलूरहून."
कशी आहेस म्हटलं. माझाच आवाज मला वेगळा लागला.
"ते टीव्हीतलं बघितलं. ते मीच लिहिलेलं हाय. मार्क नाही दिले तरी चालतील."
मी फोन घेऊन पटांगणाच्या कडेला गेले.
"म्हंजे तुम्ही वाचलं होतं."
हो म्हटलं. एवढंच. तिने फोन ठेवला. परत लावला तर बंद.
पुढचा तास नववीचा. विरामचिन्हं शिकवली.

२५ ऑगस्ट, गुरुवार
प्रशांतला न सांगितलेलं इथे लिहून ठेवते, नाहीतर तेही कोणी चांगलं करून टाकेल.
गठ्ठ्यात राहून गेलं, विसरले, वेळ झाला नाही, यातलं काही खरं नाही. पेपर वाचला त्याच दिवशी मी ह्यांना सांगितलं होतं. हे म्हणाले, "त्यांचा बस्ता आपल्या दुकानात आहे रविवारी. आपल्यातलेच लोक आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक. तू मधे पडू नको." मी दोन दिवस जेवले नाही नीट. तिसऱ्या दिवशी जेवले.
रविवारी खाली दुकानात बस्ता झाला. मी वर घरात होते. जिन्याचं दार लावून घेतलं होतं. खालून सगळं ऐकू येतं. तिची आई म्हणत होती, हिरवा नको, हिला खुलत नाही.
दार मी लावलं. ह्यांनी नाही लावलं.

३ सप्टेंबर, शनिवार
सोमवारी गणपती, म्हणून शिक्षक दिन आजच. शाळेच्या पटांगणात मांडव. कृती समितीचेही आले होते, म्हणे उदगीर जिल्हा होईल तेव्हा पहिला आदर्श शिक्षक पुरस्कार बिरादार मॅडमना. टाळ्या.
शाल, नारळ. माइक दिला. रात्रभर ठरवलेलं बोलले. "मी कोणतंही लग्न थांबवलं नाही. ती मुलगी माझ्याच वर्गातली होती. तिचं लग्न झालं. मी पत्र वाचलं होतं आणि मी गेले नाही."
 वाटलं, सुटले.
मु.अ. उठले, माइक हातात घेतला. "बघा मुलांनो, याला म्हणतात विनम्रता. केलेलं कार्य स्वतःच्या तोंडाने सांगत नाहीत आपल्या मॅडम." सगळ्यात जास्त टाळ्या तेव्हा पडल्या.
मी पुन्हा माइक मागायला हवा होता. खुर्चीत बसले. मांडीवर नारळ.
घरी आल्यावर हे म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस." मग जेवताना, "बस्त्याचं नाही बोललीस." मला कळेना, आभार मानतायत की विचारतायत. 

९ सप्टेंबर, शुक्रवार
गफूरभाई वर्गाच्या दारात. "मॅडम, ती अश्विनी हापिसात आली होती. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा म्हणते, बाहेरून दहावी. दाखला मागत होती." पळत गेले. निघून गेली होती. क्लार्क म्हणाला, दाखला तयार व्हायला दोन दिवस लागतील म्हटलं. मॅडमना भेटतेस का विचारलं तर नको म्हणाली.
दाखला मीच उभी राहून लिहून घेतला, सही शिक्का. पत्ताही घेतला.

१३ सप्टेंबर, मंगळवार
ईदची सुट्टी. सकाळच्या गाडीने देगलूर. ह्यांना सांगितलं कुठे चाललेय. "मी येऊ?" म्हणाले. नको म्हटलं.
घर बाजाराच्या मागे. पत्र्याचं, समोर शेळी. अश्विनी धुणं वाळत घालत होती. उंच झालीये. मला बघून हात पुसले, आत चला म्हणाली नाही.
दाखला दिला. दोन्ही बाजू नीट वाचल्या.
म्हटलं, अश्विनी, माझं चुकलं.
"मला वाटायचं पेपर दुसऱ्या कुणी तपासला. किंवा गठ्ठा हरवला." दोरीकडे बघत बोलत होती. "तेवढ्यावर दोन वर्षं काढली मॅडम. वाचलं असतं तर मॅडम आल्याच असत्या, असं म्हणायची मी. सासूला पण सांगायची, आमच्या मॅडम लई चांगल्या हायेत."
तिने एक चादर पिळून दोरीवर टाकली.
"बस्त्याच्या दिवशी मी जिन्याकडं बघून राहिले होते. शेवटपर्यंत."
 रडले असते तर तिलाच समजूत काढावी लागली असती, म्हणून रडले नाही.
मग तिने विचारलं, "सासूशी बोलता का? नवरा हैदराबादला हाय कामाला, तो म्हणतो आईला विचार. मी विचारलं की आई भांडी आपटतात."
आत गेलो. सासू पन्नाशीच्या, गुडघे धरून बसलेल्या. मला ओळखलं. "टीव्हीतल्या मॅडम ना तुम्ही?" नाही म्हटलं, शाळेतली. फॉर्मचं सांगितलं, वर्षभर घरूनच अभ्यास, फक्त परीक्षेला जायचं.
"पाणी कोण भरल? नळ आला तरी दोन गल्ल्या चालावं लागतं अजून."
परीक्षा मार्चमध्ये आहे म्हटलं.
"मार्चातच तर पाणी नसतंय, मॅडम."
खरं होतं. मी तास दीड तास बसले. चहा दिला त्यांनी. एकदा चिडल्या, एकदा स्वतःची शाळा चौथीत कशी सुटली ते सांगितलं. शेवटी म्हणाल्या, बघू. पोराला विचारते. मी त्याचा नंबर मागितला. म्हणाल्या, बघू.
फॉर्मची मुदत आठ दिवस.
अश्विनी कोपऱ्यापर्यंत आली. मी म्हटलं, फोन करत जाईन. तिने मान हलवली, होकाराची नाही.
"फोनवर नाही ऐकत त्या. उद्या पण या."
तीनची गाडी. फुटक्या काचेजवळ जागा मिळाली. घरी पोचले तर ह्यांनी कुकर लावून ठेवला होता. 
उद्या बुधवार. पहिला तास दहावी अ, नंतर घटक चाचणी, मु.अ. रजा देणार नाहीत. सकाळची गाडी सव्वासहाला आहे. रजेच्या अर्जाचा कागद समोर घेतलाय. तारीख घातली. कारण काय लिहू?