शिवेपर्यंत सोबत

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५. पाबळजवळची वस्ती

अनू, आठवतं? आठवीत मधल्या सुट्टीत आपण चॅपलमागच्या पायरीवर डबा खायचो. इंग्लंडच्या खेड्यांतून पायी फिरणाऱ्यांबद्दल सिस्टरनी त्या दिवशी वाचून दाखवलं होतं. दिवसभर चालायचं, संध्याकाळी पुढच्या गावातल्या खाणावळीत उतरायचं, सामान आधीच गाडीने पोचलेलं. आपणही जायचं, असं तू लोणच्याचं बोट चाटत म्हणालीस. इंग्लंड राहिलं आणि तुझे गुडघे गेले. म्हणून ही वही तुझ्यासाठी लिहिते आहे.

सत्यजीत नावाच्या इथल्या तरुणाने तशीच सहल काढली आहे. वेळ नदीच्या काठाने उतरायचं, भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरायचं आणि यवतला पुण्याची एसटी धरायची. रोज नव्या शेतकऱ्याच्या घरी मुक्काम, बॅग पप्पू ड्रायव्हरच्या जीपमधून पुढे. नाव दिलेले बाकीचे ऐनवेळी गळाले. तुम्ही तरी याच, असं सत्यजीतने इतक्यांदा म्हटलं, की मला माझं कौतुकच वाटलं.

आज त्याच्याच घरी आहे. त्याची आई कस्तुराबाई तोंडाची फटकळ. गाडी असताना पायी कशापायी, डॉक्टरनं सांगितलंय का सुनंनं हाकललंय, असं विचारून स्वतःच पदराआड हसली. बाजरीची भाकरी आणि भरीत पोटभर झालं. आतल्या खोलीत सत्यजीतची लेक राजनंदिनी निजून आहे. दिवाळीपासून ताप हटत नाही, पुण्याचे डॉक्टरही झाले. मी कपाळाला हात लावला. तवा तापावा तसं.

मंगळवार, २५. नकुशीचं घर

सकाळी निघताना कस्तुराबाईने पाटावर बसवून ओटी भरली. खण, नारळ, हिरव्या बांगड्या आणि वर कडुलिंबाचा डहाळा. मला नवरा नाही, मला ही ओटी कशी, असं मी संकोचाने म्हटलं. तसली ओटी न्हाई ही, एवढंच ती बोलली. सगळं घर मला पोचवायला शिवेच्या दगडापर्यंत आलं. बिबट्याचा वावर आहे म्हणून असेल. तिथे सगळे थांबले आणि मागं वळून बघू नका म्हणाले. मी वळले नाही, पण का, हे दिवसभर डोक्यात राहिलं.

वाट मात्र सुंदर. कोयत्याचा आवाज, तोडलेल्या उसाचा गोड वास, ओल्या वाफ्यांत कांद्याची लागण. दुपारी सत्यजीतचा फोन आला. राजनंदिनी उठून बसली, चहा-खारी मागून खाल्ली. तो रडत होता. मलाही भरून आलं.

नकुशी आणि तिचा नवरा हौशीराम शेवंतीची शेती करतात. नाव असं कसं, विचारलं तर नकुशी म्हणाली, चवथी पोरगी नको हुती म्हणून ठेवलं, आन् आता माहेरचा समदा कांदा माझ्याच टेम्पोतनं जातोय. शाल काढून द्यायला तिने माझी बॅग उघडली. बांगड्या आणि डहाळा दिसताच तिने हात मागे घेतला. हे कुणी दिलं, एवढंच विचारलं. जेवताना नवरा-बायको एकमेकांकडेच बघत होते.

बुधवार, २६. भीमेपलीकडे

सकाळी नकुशी उठलीच नाही. तापाने फणफणली होती. दोन शेजारणी आल्या आणि पुन्हा माझी ओटी भरली. तोच डहाळा, ताजा. हौशीराम शिवेपर्यंत माझ्या मागे चालला, हातात काठी. बिबट्यासाठी म्हणावी, तर उसाकडे तो बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

पूल ओलांडून पुढच्या मुक्कामाला, वैष्णवीकडे आले. सातवा महिना. नवरा कोरेगाव भीमाला कंपनीत, आठवड्याने येतो. मावशी मावशी करत तिने माझे पाय गरम पाण्यात बुडवले. मी नकुशीला फोन लावला. तिनेच उचलला, खणखणीत. बरी झाले म्हणाली, आणि पुन्हा फोन करू नका.

संध्याकाळी शेजारचे गेणबा ओट्यावर टेकले. मी सहज ओटीचं विचारलं. पूर्वी गावात आजार शिरला की मरीआईचा लहानसा गाडा काढायचे, म्हणाले. त्यात लिंब, बांगड्या, नारळ. शिवेपर्यंत ओढायचा आणि पुढल्या गावच्या हद्दीत सोडायचा. त्या गावाने पुढे ओढायचा. ज्यानं ठिवून घेतला, त्याच्याकडं ती ऱ्हायली. शेवटच्या गावाचं काय, मी विचारलं. शेवटचं गाव कवा कुणी बघितलंय, म्हणाले. आता गाडा वढाया माणूस मिळंना. तुमच्यावानी आपल्या पायानं जाणारं गावलं तर बरंच.

ते हसले. मीही हसले, अनू.

गुरुवार, २७. सकाळ

वैष्णवीचं अंग पेटलंय. पोट धरून कण्हते आहे. व्हायरस असेल, मीच घरोघर नेत असेन — पण मग मागचे बरे कसे होतात?

दारात बायका. सुपात खण, बांगड्या. पप्पूने जीप सुरूच ठेवली आहे. यवतला सोडतो म्हणतो. कुणी नजर देत नाही.

इथे थांबले तर ही पोर आणि तिचं बाळ. गेले तर यवत. तिथून एसटी, पुणे, माझं घर — रांगणारी नात दारात येईल, हात वर करून —

दुपार

ओटी घेतली. जीपमध्ये नाही बसले. मागच्या पायवाटेने नदीवर. दोन शिवांच्या मध्ये पाण्याच्या मोटारीची पडकी खोली आहे. हे कुणाचंच गाव नाही. मला कुणी ठेवून घेतलेलं नाही.

आता ताप मला. अक्षर हलतंय.

मोत्याच्या कुड्या सुनेला. जांभळी पैठणी तुला, अनू, नेस, ठेवून देऊ नकोस. पुस्तकं कामवालीच्या मुलीला, सगळी. चांदीचे वाळे नातीला, पण पॉलिश करून. इथली बॅग कुणालाच नाही. मला न्यायला कुणी येऊ नये, मुलाने तर —

बांधावरून कुणी येतंय. वैष्णवी. ताप उतरला, झपझप चालते आहे. फडक्यात भाकरी. मावशी, मावशी करते आहे.

परत जा म्हणाले. अशी कशी एकटीला टाकू, म्हणते. घरी चला, म्हणते.

वैष्णवी, नको, हात नको धरू — तू मला ठेवून —