पुंता चिल्को येथील घर हलवण्याबाबत

५ जानेवारी, सोमवार

काल दुपारी जेवताना, सर्वांसमोर, नोल्फाने मला एक मार्चच्या आत मागची खोली रिकामी करायला सांगितले. तिचा मुलगा लग्न करतो आहे, सून त्या खोलीत राहणार. धाकटी बहीण असून वर म्हणाली, ‘ताई, नंतर तू सगळं फिरवून सांगशील.’ म्हणून लिहून ठेवते आहे. मी काहीही फिरवून सांगत नाही. ही वही पुरावा.

निर्णय: पुंता चिल्कोला, आमच्या जुन्या गावी, घर घ्यायचे. तिथे किनाऱ्यावर वडिलांची जागा मोकळी पडली आहे. घर दॉन एबारिस्तोचे घ्यायचे. दुमजली, लाकडी, वरच्या खिडकीतून समुद्र. त्याच्या मुलीला त्या जमिनीवर पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत, म्हणून फेब्रुवारीअखेर ते घर तिथून हलायला हवे. जमीन त्यांची, घर माझे. या बेटावर घरे बैलांनी ओढून नेतात. त्यात पर्यटकांनी फोटो काढण्यासारखे काय आहे, देव जाणे.

८ जानेवारी

पहिल्या बसने गेले. घर तपासले. दोष एक्केचाळीस. सगळे दॉन एबारिस्तोला वाचून दाखवले. तो नळीने माटेचा कडू चहा ओढत ऐकत होता. वय ऐंशी, दात तीन. शेवटी म्हणाला, ‘बघू की, बाई.’

सौदा पक्का.

संध्याकाळी नोल्फाने विचारले, घर मागितलंस का त्याच्याकडे? मागायचे कशाला. दोष सांगितले की गिऱ्हाईक किती गंभीर आहे ते शहाण्याला कळते.

१२ जानेवारी

बेलार्मिनोला भेटले. गावातल्या बैलांचा कारभार त्याच्याकडे. माझा विद्यार्थी. व्याकरणात दोनदा नापास केला होता, त्याच्याच भल्यासाठी. त्या उपकारांची जाणीव चेहऱ्यावर दिसते. अजूनही माझ्यासमोर बसत नाही.

त्याचे म्हणणे: आठ जोड्या लागतील, साठेक माणसे लागतील. २१ फेब्रुवारी हा एकच शनिवार सगळे बैल मोकळे. आणि घर ज्याला हवे त्याने दारोदार जाऊन, प्रत्येकाला तोंडाने विनंती करायची. तीच रीत.

मी सांगितले की सहासष्टाव्या वर्षी झोळी घेऊन फिरणार नाही. चौतीस वर्षे शिकवले. अर्धे गाव माझ्या हाताखालून गेले आहे. काही तर अक्षरशः हाताखालून.

१६ जानेवारी

नोटीस तयार. चाळीस प्रती. दिवस, वेळ सकाळी सात, दोर आपापले, चिचा काम संपल्यावर. सफरचंदाची ती दारू प्यायलेला माणूस दोर कुठे धरतो ते मी लहानपणी पाहिले आहे.

चर्चच्या दारावर, दुकानात आणि धक्क्यावर चिकटवल्या. शेजारीच ओतिलिया चिग्वायने हाताने लिहिलेला कागद होता. गेल्या जुलैत, ऐन हिवाळ्यातल्या वादळात तिच्या घराचे छप्पर उडाले, तेव्हापासून तीन मुलांसकट चर्चच्या सभागृहात राहते. पत्र्यांच्या पैशांसाठी सोडत काढली आहे. चार ओळींत सहा चुका. लाल पेनने दुरुस्त केल्या. आभार कोणी मानले नाहीत.

२० जानेवारी

पुन्हा घर पाहायला. ओतिलिया तिथेच बसलेली, माटे पीत, समुद्री शेवाळ गोळा करून हात काळे. निर्लज्जपणे खोल्या पाहत होती. मी स्पष्ट सांगितले की घर ठरले आहे. ती हसली. ‘बरं झालं की, बाई. रिकामं घर लवकर म्हातारं होतं.’

दॉन एबारिस्तोला खिडक्यांच्या चौकटी दुरुस्त करून ठेवायला सांगितले. ‘बघू की.’ कमी बोलणारी माणसे मला आवडतात.

२७ जानेवारी

नोल्फा ऐकेना, म्हणून संकल्प केला: निदान पाच घरी जाऊन यायचे. विनंती नव्हे. उपस्थिती.

पहिले घर: कुत्रा.

दुसरे: बेलार्मिनोचे. त्याच्या बायकोने बसवले, मिल्काओ दिला, बटाट्याची गरम भाकरी. बटाटा फार जाड किसला होता, तसे सांगितले. तिने ताटली उचलून नेली. विषय अगदी ओठांवर आला होता, पण सुरुवात त्या बाईने करायला हवी होती.

तिसऱ्या घराच्या वाटेवर पाऊस. उरलेली तीन पुढच्या आठवड्यात.

५ फेब्रुवारी

पुढचा आठवडा याच आठवड्यात आला. गुडघा दुखतो आहे.

बसमधून ओतिलिया दिसली. ॲप्रन लावून एका दारातून दुसऱ्या दारात. सोडतीची तिकिटे विकत असणार. बसवाला म्हणाला, महिनाभर ती रोज कोणाकडे ना कोणाकडे राबते आहे, कुठे गवत काप, कुठे लाकूड रच. स्वाभिमान नसला की माणसाचे असे होते. कीव आली.

१४ फेब्रुवारी

विजय. बसवाल्याला सहज विचारले, २१ ला कोण कोण येणार. म्हणाला, सगळे. आठही जोड्या.

नोल्फाला सांगितले. ती म्हणाली, ‘तुझ्यासाठी?’ नाहीतर कोणासाठी? पुंता चिल्कोत छापील नोटीस दुसऱ्या कोणाची आहे?

१९ फेब्रुवारी

घर ओढणाऱ्यांना पोटभर जेवण घालायचे असते. दोन मेंढ्या, बटाट्यांचे पोते, शिंपल्यांची टोपली. सोलणे, कापणे, भाजणे नोल्फाने केले, सूचना माझ्या. मध्येच सुरी टाकून म्हणाली, ‘ताई, तू एकदा तरी कोणाला नीट विचारलंस का गं?’ कांद्याने तिचे डोळे लाल झाले होते. कांदे चिरतानाही तोंड चालू ठेवते.

२१ फेब्रुवारी, सकाळी ७

कोणी नाही.

सकाळी ८

कोणी नाही. उशीर हा या किनाऱ्याचा जुना आजार.

सकाळी ९.३०

सगळे आले. मी शिट्टी घेऊन खोक्यावर उभी. घराखाली लांब ओंडके, आठ जोड्या जुंपलेल्या, दोरांना गाव लागलेले. घर हलले. वरच्या खिडकीची काच थरथरली, फुटली नाही. कबूल करते की शिट्टी वाजवायची राहिली.

दुपारी १

शांतपणे लिहिते आहे.

चर्च ओलांडल्यावर वाट दुभागते. माझी जागा डावीकडे. बेलार्मिनोने बैल उजवीकडे वळवले. मी शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली. बैलांपुढे जाऊन उभी राहिले. साठ माणसे थांबली.

बेलार्मिनोने टोपी काढली. ‘बाई, हे ओतिलियाच्या जागेवर चाललंय. ती प्रत्येक दारात येऊन गेली. तुम्ही नाही आलात.’

मी म्हटले, नोटीस महिनाभर भिंतीवर होती.

‘वाचली ना, बाई. सगळ्यांनी वाचली. एकही चूक नव्हती.’

मागे कोणीतरी हसले. आवाज ओळखला, १९९४ ची तुकडी, शेवटचा बाक.

मी दॉन एबारिस्तोकडे वळले. सौदा झाला होता, म्हटले. त्याने दोराची गाठ ओढून पाहिली. ‘तुम्ही घर कधी मागितलंच नाही, बाई. मला वाटलं, तुम्हाला ते आवडलं नाही.’

बैलांना उभे राहणे जमत नाही. मी बाजूला झाले.

२२ फेब्रुवारी

मेंढ्यांचे काय झाले असे नोल्फाने विचारले. गावाने खाल्ल्या. ओतिलियाकडे एक पातेले रस्सा होता, साठ माणसांना. अन्न परत शहरात आणणे मूर्खपणा ठरला असता. मला कोणी थांबायचा आग्रह केला नाही असे नाही; केला. थांबले नाही.

नव्या योजना: (१) तंबू. (२) विचार चालू.

२६ फेब्रुवारी

बसथांब्यावर बेलार्मिनोची बायको भेटली. मी काहीही विचारले नसताना म्हणाली की ओतिलिया मुलांसह खालीच झोपते, चुलीजवळ. वर कोणी नाही. मग आभाळाकडे पाहत उभी राहिली. ही माणसे एक वाक्य बोलतात आणि बाकीचे तुमच्यावर सोडतात.

संकल्प: ओतिलियाला पत्र पाठवून चर्चेला बोलावणे.

२७ फेब्रुवारी

पत्र लिहिले. उत्तम उतरले. फाडले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळच्या बसने गेले, दोन पेट्या घेऊन. दार उघडेच होते, तरी ठोठावले. बसमध्ये वाक्य तयार केले होते, अगदी निर्दोष. दारात ते आठवलेच नाही. जे तोंडातून निघाले त्याला कर्ता नव्हता, क्रियापद नव्हते. इयत्ता चौथीतही चालले नसते.

ओतिलियाला समजले. ‘आत या, बाई. पेट्या राहू द्या, पोरं आणतील.’

येत्या शनिवारी सगळे बेलार्मिनोकडे बटाटे काढायला जाणार आहेत. इथे राहणाऱ्याने जावेच लागते, असे तिने सांगितले. जाईन. बटाट्याची ओळ दोन्ही टोकांकडून खणत येण्याची त्यांची पद्धत चुकीची आहे, दाखवून देईन.

ओतिलिया चिग्वाय हिच्याकडून ताब्यात घेतले: वरची खोली एक, समुद्राच्या बाजूची. गादी एक. कुदळ एक, दांडा सैल.

तिच्या ताब्यात दिले: येता शनिवार, पूर्ण दिवस.