घात वाढत गेला

कलकत्ता, ११ डिसेंबर १९७०

तीर्थस्वरूप दिगंबरमामांस,
उज्ज्वलाचा वाकून नमस्कार. मामींचा दमा पुण्याच्या थंडीत काय म्हणतो? इकडे आई-बाबा ठीक. मीही ठीक आहे.

मंगळवारी घोषालसरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. सर कधी ओरडत नाहीत, नुसते थांबतात, आणि तेच फार भयंकर असतं. एक्स गुणिले ई-चा-एक्स-घात, याचं इंटिग्रेशन बाय पार्ट्सनं करायचं होतं. कोणाचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं आणि कोणाचं इंटिग्रेशन, तिथेच मी चुकले. एक्सचा वर्ग झाला, मग घन झाला (घात कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चालला), आणि मी चौथ्याकडे निघाले असताना दार ढकलून चार मुलं आत आली. हल्ली इथे नक्षलवादी मुलं कॉलेजं जाळत सुटलीत ते तुम्ही पेपरात वाचत असालच. एकाच्या खांद्याला झोळी होती आणि ती तो फारच जपून धरत होता (आत बॉम्ब असणार). वर्ग रिकामा करा, असं त्यांचं म्हणणं. सगळे उठले. मी खडू धरून फळ्यापाशीच उभी.

सर शांतपणे म्हणाले, हिचं गणित होऊ दे, मग जातो. मामा, मला वाटलं, संपलं सगळं. पण त्यांचा चष्मेवाला पुढारी भिंतीला टेकून उभा राहिला आणि झोळी बाकावर ठेवली गेली (माझ्या पर्सशेजारी). सरांनी मला आधी गुणाकाराचा नियम लिहायला लावला: पहिला तसाच ठेवून दुसऱ्याचं डेरिव्हेटिव्ह, अधिक दुसरा तसाच ठेवून पहिल्याचं. मग दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन. एक पद पलीकडे नेलं, तर महिनाभर मी आंधळेपणानं घोकत होते तेच सूत्र समोर उभं. मग सरांनी एवढंच विचारलं, "डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर यातलं लहान कोण होतं?"

एक्सचा नुसता एक होतो, हे मला झोळीकडे बघता बघता कळलं. दोन ओळींत उत्तर आलं. मी खडू टाकून दाराकडे पळाले, तर पुढारी म्हणाला, "आर कॉन्स्टंट?" (आणि कॉन्स्टंट?) मी परत जाऊन अधिक सी लिहिला. सर त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं मान खाली घातली.

घरी जाताना ट्राममध्ये सरांनी सांगितलं, दोन वर्षांपूर्वी तो पुढारी त्यांच्या वर्गात पहिला आला होता. त्या दुपारी कॉलेजचं ऑफिस जळलं.

तुमची,
उज्ज्वला

ता. क. बाबांना ऑफिस जळाल्याचं तेवढं कळलंय. मी आत होते हे नाही. मला तिकडच्या कॉलेजात घालण्याबद्दल ते तुम्हाला लिहितील. कृपा करून जागा नाही म्हणून कळवा. भीती वाटते, पण गणित मला इथेच कळलं.

आणखी एक. घरी एक्स गुणिले लॉग एक्स करायला घेतलं, एक्सचंच डेरिव्हेटिव्ह घेतलं आणि पार अडकले. उत्तर उलट टपाली पाठवा. कॉलेजच्या पत्त्यावर नको, जळेल. घरच्या पत्त्यावर नको, बाबा फोडतील. शेजारच्या कालिंदीकाकूंच्या नावानं पाठवा. त्यांना लॉग म्हणजे काय ते माहीत नाही.