अंतरपाटाचा उजेड

अणदूर

अहो,

फोटोची काच वाळली. आपल्या कुसुमच्या लग्नाची. सकाळी खिडकीत उजेडाला धरून बघितली आणि सवयीनं मागं वळले, तुम्हाला दाखवायला. मागं कोण असणार? दर लग्नानंतर तुम्ही अशीच काच धरून विचारायचात, "बघ गं, जमलंय का?" आता मी कुणाला विचारू? म्हणून लिहायला बसले.

लिहायला तुम्हीच शिकवलंत, फोटोंच्या मागं नावं घालण्यापुरतं. त्याच अक्षरात आज तुमच्याशी भांडणार आहे. ऐकून घ्या.

एवढी कसली घाई होती हो? पोरीचं लग्न ठरत आलेलं, आणि तुम्ही साध्या तापाचं निमित्त करून निघून गेलात! लग्न वर्षाच्या आत करा, न्हायतर तीन वर्षं थांबा, असं सगळे म्हणाले. मग उरकलं. रडायलासुद्धा सवड दिली नाहीत मला.

बाकीचे फोटोवाले हार घालून झाले की सगळ्यांना भर उन्हात रांगेनं उभं करतात. सगळ्यांचे डोळे बारीक, तोंडं वाकडी. तुमची तऱ्हाच न्यारी. हैदराबादेत उस्तादांच्या हाताखाली शिकलेले ना तुम्ही! अंतरपाटाच्या कडेला कॅमेऱ्याची तिपाई मांडायचात. एका अंगाला नवरी, दुसऱ्या अंगाला नवरदेव, मधे ते पांढरं कापड. मांडवाच्या डहाळ्या काढायला लावायचात, ऊन कापडावर यायला पाहिजे म्हणून. "तोंडावर ऊन नको, कापडावरून येणारा उजेड पाहिजे. तो नवरीला टोचत नाही," म्हणायचात. सास्तूरला नवरीच्या आजोबांनी काठी उगारली होती, आठवतं का? मांडव मोडतो का माझा, म्हणून! मी हसत होते आणि तुम्ही कॅमेरा पोटाशी धरून खांबाआड!

पण नवरीची मान खाली. उजेड सगळा भांगावर, तोंड काळोखात. परक्या पुरुषानं हनुवटीला हात कसा लावायचा? तेव्हा मला बरोबर न्यायला लागलात. दोन बोटांनी अलगद वर करायचं, पदर सारखा करायचा आणि बाजूला व्हायचं. फोटोवाला बायकोला गावोगाव हिंडवतो, असं लोक बोलायचे. बोलू देत. तेच माझे सुखाचे दिवस होते. बघून बघून कॅमेरा चालवणं, काच धुणं मलाही यायला लागलं. कुसुम मांडवातच वाढली. बाहुलीची हनुवटी उचलायची आणि मला विचारायची, "आई, बरोबर हाय का?"

तिच्या लग्नाच्या सकाळी वन्सं मला म्हणाल्या, "तू आतल्या खोलीत बस. तुजं रिकामं कपाळ मांडवात नको." तुमच्या थोरल्या बहीण त्या. मी आत जाऊन बसले. वाईट वाटलं, लई वाईट वाटलं. परक्यांच्या किती लेकी या हातांनी सजवल्या, आणि माझ्याच लेकीला माझा हात चालेना!

कुसुम हळदीच्या अंगानं तशीच उठून आली. "आत्या, बाबांचा कॅमेरा आईलाच येतो. बाबांसारखा फोटो न्हाय तर फोटोच नको मला."

"फोटोपायी अपशकुन करून घेतीस व्हय गं?" वन्सं चिडल्या.

आपले मांडववाले कासीमभाई दोरी आवळत होते. ते म्हणाले, "आक्का, कॅमेऱ्याचं ते काळं फडकं डोक्यावर घेतल्यावर आत कोण हाय, कुणाला दिसतंय? फोटोवाला तो फोटोवाला." मग मला हळूच, "भाभी, कुठली डहाळी काढू?" तुमच्या वेळी विचारायचे तसंच विचारलं हो.

शेवटी वन्सं म्हणाल्या, "उभी ऱ्हा. पण फडक्याबाहेर येऊ नको आन् पोरीला हात लावू नको." काच घालायला बाहेर यावंच लागतं, हे त्यांना कोण सांगणार!

फडक्यात शिरले, तर आत तुमचा वास. तुमच्या तंबाखूचा आणि काचा धुवायच्या औषधाचा. कॅमेऱ्यात कुसुम उलटी दिसत होती, नेहमी दिसतात तशी. तिला तसंच बघत रडून घेतलं. तेवढं एक बरं होतं, कुणाला दिसलं नाही.

बाहेर येऊन काच घातली. मंगलाष्टकं सुरू होती. सगळ्यांच्या मुठीत अक्षता, माझ्या मुठीत फोटो काढायचा तो रबरी फुगा. कासीमभाईंनी डहाळी बरोबर काढलेली, ऊन कापडावर नीट आलेलं. आणि कुसुमची मान खाली! तोंड काळोखात! भटजी शेवटच्या ओळीशी आले. एकदा का कापड खाली गेलं की तो उजेड गेला. माझी दोन बोटं आपोआप पुढं झाली, आणि वन्सं माझ्याकडंच बघत होत्या. मी हात मागं घेतला.

आणि पोरीनं आपली आपणच हनुवटी उचलली हो! मी उचलायची तेवढीच. डोळे खाली, तोंड कापडाकडं. मी फुगा दाबला. लगेच कापड खाली आलं आणि अक्षतांचा पाऊस पडला.

निघताना ती पाया पडली. उठताना कानाशी म्हणाली, "आई, बरोबर होती का?"

"जरा अजून वर पाहिजे होती," मी म्हटलं, आणि सगळ्यांच्या देखत दोन बोटं तिच्या हनुवटीला लावली. खोटं बोलले. अगदी बरोबर होती.

वन्सं जवळच होत्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मुंडावळीबी वाकडी झालीया तिची. ती नीट कर."

काचेत नवरदेव जरा काळवंडलाय, रागावू नका. पण कुसुम! अहो, तुम्ही बघायला पाहिजे होतं. तुम्ही असायला पाहिजे होतं.

काल वाशी गावाहून एक माणूस येऊन गेला. लेकीचं लग्न आहे, म्हणाला. तुम्ही गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मी येते. तो घुटमळला, घरी विचारून सांगतो म्हणाला. सांगेल, न सांगेल. पण तुमचा कॅमेरा मी कुणाला देणार नाही, हा शब्द देते. ज्या घरी बोलावतील तिथं जाईन, अंतरपाटाच्या कडेलाच उभी राहीन, आणि पोरीनं मान खाली घातली तर माझ्या हातानं वर करीन. मग कुणी काही म्हणो.

आणि रोज सकाळी ही काच खिडकीत धरीन. जमलंय का, तेवढं एकदा सांगा.

तुमचीच,
गोदा