भट्टीत माती भरली आहे

सुदीप, तुझ्या लग्नाच्या वर्षी आपलं कापड रंगवायचं काम बंद पडलं, आणि त्याच भट्टीत आपण जुन्या वायरी जाळून तांबं काढू लागलो. आज चैत्रा माहेरून बाळाला घेऊन येतेय. आपल्या गल्लीत भिंतीला भिंत लागलेली, धूर जाणार कुठं? सगळा पाळण्यापाशीच येणार.

म्हणून तुझ्या वायरींच्या दोन्ही गोण्या घेऊन मी ऑटोनं बेळगोळला निघालोय. तिथल्या कारखान्यात वायर यंत्रानं सोलतात, जाळत नाहीत. भट्टीत माती भरून कढीपत्ता लावलाय, उपटू नकोस. रागावलास तर अप्पाला, म्हणजे मलाच, फोन कर, बाळासमोर ओरडू नकोस. कढईत उप्पीट आहे, गरम करून खा. चैत्राला सांग, तिनं शिकवलेल्या अक्षरांची ही पहिली चिठ्ठी. चुका असतील तर त्या मास्तरीणबाईंच्या.

तुझी आई नाकाला पदर लावून मला म्हणायची, "साकु, पुरे करा हो आता!" मी म्हणायचो, "रंगाच्या वाफेत जन्म गेला आपला, धुराला काय भ्यायचं?" चुकलं माझं. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती खोकत खोकतच गेली.